अखेरच्या आठवड्याचे भाकीत : अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमधील अंदाजशास्त्राचा ऐतिहासिक आढावा (१९३२ ते २०२३)

प्रस्तावना

स्पर्धेचा निकाल आधीच सांगण्याची हौस स्पर्धेइतकीच जुनी आहे. मात्र या हौसेला गणिताची शिस्त, बाजाराचे पाठबळ आणि कायद्याचे बंधन या तिन्ही गोष्टी लाभल्याची उदाहरणे थोडी आहेत. अमेरिकेतील 'नॅशनल फुटबॉल लीग' (यापुढे 'लीग') हे त्यांपैकी एक प्रमुख उदाहरण होय. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल भारतात परिचित असलेला पायाने खेळण्याचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत नेण्याचा हा खेळ आहे. चेंडू हद्दीपार नेल्यास (टचडाउन) सहा गुण आणि खांबांमधून लाथाडल्यास (फील्ड गोल) तीन गुण मिळतात.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या या लीगमध्ये २००२ पासून ३२ संघ आहेत. ते दोन कॉन्फरन्समध्ये आणि प्रत्येकी चार संघांच्या आठ गटांमध्ये विभागलेले आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघ अठरा आठवड्यांत सतरा साखळी सामने खेळतो. त्यानंतर चौदा संघ बाद फेरीत जातात. त्यांत आठ गटविजेते असतात आणि उरलेल्या सहा जागा 'वाइल्ड कार्ड' या नावाने इतर संघांपैकी सरस ठरलेल्यांना मिळतात. साखळीच्या अखेरच्या आठवड्यात सर्व ३२ संघ मैदानात उतरतात व १६ सामने होतात. प्रत्येक सामन्याचे जय आणि पराजय एवढे दोनच निकाल मानले, तरी या आठवड्याचे ६५,५३६ भिन्न शेवट संभवतात. बरोबरीची शक्यता धरल्यास ही संख्या ४ कोटी ३० लाख ४६ हजार ७२१ होते.

ही संख्या पाहता अखेरच्या आठवड्याचे भाकीत कठीण का, याचे उत्तर मिळाले असे वाटते. परंतु संगणकाच्या युगात या सर्व शक्यता मोजणे हे अवघड काम राहिलेले नाही. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. कोणताही अंदाज हा संघाच्या मागील कामगिरीवर, म्हणजे त्याच्या क्षमतेवर बेतलेला असतो. दोन्ही संघांना जिंकायचेच आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. हंगामाच्या इतर आठवड्यांत हे गृहीतक बहुतांशी टिकते. अखेरच्या आठवड्यात मात्र ते डळमळते. काही संघांचे स्थान आधीच निश्चित झालेले असते, काहींची आशा मावळलेली असते, तर काहींना पराभवच अधिक लाभदायक असतो. अखेरच्या आठवड्याच्या भाकिताचा इतिहास हा क्षमतेच्या मोजमापाकडून इच्छेच्या प्रश्नाकडे झालेला प्रवास आहे, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे. त्या दृष्टीने नियमांचा विकास, पैजेचा बाजार, संख्याशास्त्रीय अभ्यास आणि निवडक हंगामांतील अखेरचे सामने यांचा येथे विचार केला आहे.

१. नियमांचे अंकगणित

लीगच्या प्रारंभीच्या काळात अंतिम सामना नव्हता. हंगामाअखेर ज्याची विजयाची टक्केवारी सर्वाधिक, तो विजेता, एवढाच नियम होता. टक्केवारी काढताना बरोबरीत सुटलेले सामने जमेस धरले जात नसत. या नियमाचे परिणाम १९३२ च्या हंगामात ठळकपणे दिसून आले. त्या वर्षी साखळीअखेर शिकागो बेअर्सच्या नावावर ६ विजय, १ पराभव व ६ बरोबरी, तर पोर्ट्समथ स्पार्टन्सच्या नावावर ६ विजय, १ पराभव व ४ बरोबरी अशी नोंद होती. ग्रीन बे पॅकर्सने १० सामने जिंकले, ३ गमावले आणि १ बरोबरीत सोडविला. सर्वाधिक सामने जिंकूनही पॅकर्स तिसऱ्या स्थानी राहिले, कारण बरोबरी वगळल्यास पहिल्या दोन संघांची टक्केवारी ८५.७ आणि पॅकर्सची ७६.९ होत होती. विशेष म्हणजे पॅकर्सचे शेवटचे दोन सामने याच दोन प्रतिस्पर्ध्यांशी होते व ते दोन्ही त्यांनी गमावले.

बेअर्स आणि स्पार्टन्स यांच्यातील तिढा सोडविण्यासाठी १८ डिसेंबर १९३२ रोजी शिकागो येथे एक जादा सामना घेण्यात आला. हवामानामुळे तो बंदिस्त क्रीडागारात खेळविला गेला आणि बेअर्सने तो ९-० असा जिंकला. या प्रसंगातून प्रेरणा घेऊन १९३३ मध्ये लीगचे दोन विभाग पाडण्यात आले आणि त्यांच्या विजेत्यांमध्ये अंतिम सामना सुरू झाला. पुढे १९७२ मध्ये बरोबरीला अर्धा विजय व अर्धा पराभव मानण्याचा नियम आला. हा नियम १९३२ मध्ये असता, तर पॅकर्स ७५ टक्क्यांसह पहिले, स्पार्टन्स ७२.७ टक्क्यांसह दुसरे आणि बेअर्स ६९.२ टक्क्यांसह तिसरे ठरले असते. म्हणजे तेच सामने आणि तेच निकाल असताना केवळ मोजणीच्या रीतीने गुणतालिका पूर्णपणे उलटते. अखेरच्या आठवड्याचे भाकीत करणाऱ्यास खेळाइतकेच नियमावलीचेही ज्ञान का लागते, हे यावरून स्पष्ट होते.

१९७४ पासून साखळी सामन्यांतही जादा वेळेची तरतूद झाल्याने बरोबरी दुर्मीळ झाली, पण तिचे महत्त्व संपले नाही. २००८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धचा सामना १३-१३ असा बरोबरीत सोडविला. सामना अशा रीतीने बरोबरीत संपू शकतो हे आपणास ठाऊक नव्हते, असे ईगल्सचा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब याने त्यानंतर सांगितले. २८ डिसेंबर २००८ रोजी, अखेरच्या दिवशी, ईगल्सला तीन गोष्टी एकदम घडल्यास बाद फेरी गाठता येणार होती. ह्यूस्टनने शिकागोला हरवावे, ओकलंडने टँपा बेला हरवावे आणि स्वतः ईगल्सने डॅलसवर विजय मिळवावा. पहिले दोन्ही सामने ३१-२४ अशाच गुणसंख्येने अपेक्षेप्रमाणे लागले आणि ईगल्सने डॅलसचा ४४-६ असा धुव्वा उडविला. त्या दिवशी टँपा बे, शिकागो आणि डॅलस हे तिन्ही संघ ९ विजय व ७ पराभवांवर थांबले, तर ईगल्स ९ विजय, ६ पराभव व १ बरोबरीसह पुढे गेले. ज्या बरोबरीचा नियम संघाच्या प्रमुख खेळाडूसही ठाऊक नव्हता, तिनेच संघाला तारले.

२. समतोलाची योजना आणि तिचा उलट परिणाम

अखेरचा आठवडा रंगतदार होणे ही योगायोगाची बाब नाही. त्यामागे बर्ट बेल यांचे धोरण होते. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक असताना बेल यांनी १९३५ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीची 'ड्राफ्ट' पद्धत सुचविली आणि १९३६ मध्ये ती प्रथम अमलात आली. मागील हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाने महाविद्यालयीन खेळाडूंतून प्रथम निवड करावी, असे तिचे सूत्र होते. श्रीमंत संघांनीच सर्व उत्तम खेळाडू पळवू नयेत, हा तिचा हेतू होता. १९४६ ते १९५९ या काळात लीगचे आयुक्त म्हणून काम करताना बेल सामन्यांचे वेळापत्रक स्वतः तयार करीत. त्यासाठी ते घरातील जेवणाच्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडीत. हंगामाच्या आरंभी दुबळे संघ दुबळ्यांशी आणि बलवान संघ बलवानांशी भिडावेत, म्हणजे गुणतालिकेतील अंतर वाढणार नाही आणि चुरस अखेरपर्यंत टिकेल, अशी त्यांची दृष्टी होती.

१९७० मध्ये प्रतिस्पर्धी अमेरिकन फुटबॉल लीगचे विलीनीकरण झाले, तेव्हा गटविजेत्यांखेरीज प्रत्येक कॉन्फरन्समधील एका संघाला 'वाइल्ड कार्ड' म्हणून बाद फेरीत प्रवेश मिळू लागला. पुढे या जागा वाढत गेल्या. परिणामी अखेरच्या आठवड्यापर्यंत आशा धरणाऱ्या संघांची संख्याही वाढली.

परंतु बेल यांच्या योजनेत एक अंतर्विरोध होता. वेळापत्रकाने चुरस अखेरपर्यंत नेली. ड्राफ्टने मात्र चुरशीबाहेर पडलेल्या संघाला हरण्याचे कारण पुरविले. ज्या संघाचे बाद फेरीत जाणे अशक्य झाले आहे, त्याला अखेरच्या सामन्यातील विजयाने काहीच मिळत नाही. उलट निवडीतील त्याचा क्रम खाली घसरतो. समतोल साधणाऱ्या एकाच विचारातून अखेरच्या आठवड्याची रंगत आणि त्याविषयीचा संशय अशा दोन्ही गोष्टी जन्मास आल्या, असे म्हणावे लागते.

३. गुणांतराचा बाजार

एकीकडे नियम आकार घेत असताना दुसरीकडे भाकिताचा बाजार उभा राहात होता. प्रारंभी पैजा केवळ जय-पराजयावर लागत. एक संघ स्पष्टपणे वरचढ असला, की अशा पैजेत कोणास रस राहात नसे. १९४० च्या दशकात यावर गुणांतराची युक्ती निघाली. तिचे श्रेय सामान्यतः चार्ल्स मॅकनील या गणित शिक्षकाला दिले जाते. पुढे तो स्वतःच बुकी झाला. या पद्धतीत वरचढ संघाने किती गुणांनी जिंकावे, याचा एक आकडा ठरविला जातो. हा आकडा ७ असेल, तर त्या संघावर पैज लावणारा तो संघ सातांहून अधिक गुणांनी जिंकल्यासच जिंकतो. साधारणतः १० डॉलर जिंकण्यासाठी ११ डॉलर लावावे लागतात आणि त्यातील फरक हे बुकीचे उत्पन्न असते. त्यामुळे पैज लावणाऱ्याने निम्मे अंदाज बरोबर आणले तरी तो तोट्यातच राहतो. केवळ बरोबरी साधण्यासाठी त्याचे सुमारे ५२.४ टक्के अंदाज अचूक ठरावे लागतात.

गुणांतराने पैजेत रंगत आणली, तसाच एक धोकाही आणला. सामना न हरता, केवळ विजयाचे अंतर कमी ठेवून बुकीशी संगनमत करणे आता खेळाडूला शक्य झाले. १९४६ च्या अंतिम सामन्यापूर्वी न्यू यॉर्क जायंट्सच्या फ्रँक फिल्चॉक व मर्ल हेप्स या खेळाडूंना लाच देऊ करण्यात आली होती. त्यांनी ती स्वीकारल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु तिची माहिती न दिल्याबद्दल बेल यांनी दोघांनाही अनिश्चित काळासाठी निलंबित केले. दुखापतग्रस्त खेळाडूंची नावे सामन्यापूर्वी जाहीर करण्याची प्रथा त्यानंतरच्या काळात रूढ झाली. आतील माहितीला बाजारात किंमत येऊ नये, हा तिचा उद्देश होता. १९६३ मध्ये आयुक्त पीट रोझेल यांनी पॉल हॉर्नंग आणि अ‍ॅलेक्स कॅरस या नामवंत खेळाडूंना पैजा लावल्याबद्दल संपूर्ण हंगाम बाहेर ठेवले.

कायद्याची दिशाही याच काळात ठरली. नेव्हाडा राज्यात १९४९ पासून क्रीडापैजांना परवाने मिळू लागले. १९५१ मध्ये केंद्र सरकारने अशा पैजांवर १० टक्के कर बसविला. १९७४ मध्ये तो २ टक्क्यांवर आणि १९८३ मध्ये पाव टक्क्यावर आणण्यात आला. १९६१ च्या कायद्याने तारयंत्र व दूरध्वनीद्वारे राज्याबाहेर पैजेची माहिती पाठविण्याचा धंदा गुन्हा ठरविला. कर उतरल्यावर लास व्हेगस हे गुणांतर ठरविणारे केंद्र बनले आणि तेथील आकडे वृत्तपत्रांतून देशभर छापले जाऊ लागले. १९७६ पासून 'जिमी द ग्रीक' या नावाने ख्यात असलेले जिमी स्नायडर सीबीएस वाहिनीवर सामन्यांपूर्वी आपली भाकिते सांगू लागले. जे बहुतेक राज्यांत बेकायदेशीर होते, ते घरोघरी दूरचित्रवाणीवर ऐकू येत होते. एका वर्णद्वेषी विधानामुळे १९८८ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. पण भाकीत हा प्रक्षेपणाचा अविभाज्य भाग झाला तो झालाच.

४. संख्याशास्त्राची कसोटी

बाजारातील आकडा कितपत विश्वसनीय आहे, याची शास्त्रीय तपासणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. डेव्हिड हार्व्हिल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७१ ते १९७७ या काळातील १,३२० सामन्यांचे अंदाज एका रेषीय प्रतिमानाद्वारे वर्तविले. घरच्या मैदानाचा लाभ व संघाच्या बळात वर्षागणिक होणारा बदल यांचा त्यात समावेश होता. प्रतिमानाची सरासरी चूक १०.६८ गुण, तर बुकींच्या आकड्याची चूक १०.४९ गुण आढळली. म्हणजे शास्त्रीय प्रतिमान बाजाराच्या अगदी जवळ पोहोचले, परंतु त्यास मागे टाकू शकले नाही.

१९९१ मध्ये हॅल स्टर्न यांनी याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. १९८१, १९८३ व १९८४ या हंगामांतील सामन्यांवरून त्यांनी असे दाखविले, की प्रत्यक्ष विजयाचे अंतर आणि बाजाराने ठरविलेले गुणांतर यांतील फरक प्रसामान्य वितरणास अनुसरतो. त्याची सरासरी जवळजवळ शून्य आणि प्रमाण विचलन सुमारे १३.८६ गुण आहे. या निष्कर्षाचा अर्थ दुहेरी आहे. सरासरी शून्य असल्याने बाजाराचा आकडा कोणत्याही एका बाजूस झुकलेला नसतो; पण विचलन जवळजवळ दोन टचडाउनांइतके असल्याने एखाद्या विशिष्ट सामन्याविषयी तो फारच थोडे सांगतो. या हिशेबाने ३ गुणांनी वरचढ मानलेला संघ १०० पैकी सुमारे ५९ वेळा, ७ गुणांनी वरचढ असलेला ६९ वेळा आणि १४ गुणांनी वरचढ असलेला ८४ वेळा जिंकतो. एवढ्या मोठ्या अंतरानंतरही शंभरातील सोळा निकाल अनपेक्षितच राहतात.

अखेरच्या आठवड्यात ही अनिश्चितता गुणाकाराने वाढते. एखाद्या संघाला तीन स्वतंत्र निकालांची आवश्यकता असेल आणि त्यांच्या शक्यता अनुक्रमे ५०, ४० व ३० टक्के असतील, तर तिन्ही एकत्र घडण्याची शक्यता केवळ ६ टक्के राहते. तथापि येथवरचा सर्व हिशेब दोन्ही संघ पूर्ण शक्तीने खेळतील, या गृहीतकावर उभा आहे. ज्या सोळा-सतरा आठवड्यांच्या कामगिरीवरून प्रतिमान शिकते, त्या काळात मैदानात प्रमुख खेळाडू असतात. अखेरच्या आठवड्यात प्रशिक्षकाने त्यांना बाकावर बसविले, तर नाव तेच असले तरी खेळणारा संघ दुसराच असतो.

५. क्षमता आणि इच्छा

इच्छेचा हा प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुढे आला. १९९९ च्या हंगामाअखेर ग्रीन बे पॅकर्स आणि कॅरोलायना पँथर्स यांच्यातील तिढा गुणांच्या निव्वळ फरकावर सुटण्याची शक्यता होती. त्यामुळे नुसते जिंकणे पुरेसे नव्हते; जास्तीत जास्त गुणांनी जिंकणे आवश्यक होते. २ जानेवारी २००० रोजी पॅकर्सने अ‍ॅरिझोनावर ४९-२४ असा, तर पँथर्सने न्यू ऑर्लिन्सवर ४५-१३ असा विजय मिळविला. एरवी सामना हाती आल्यावर संघ सबुरीने खेळतो. तो संकेत येथे लागू नव्हता. अखेरीस डॅलसने न्यू यॉर्क जायंट्सला २६-१८ असे हरविले आणि ८ विजय व ८ पराभव अशी समान नोंद असतानाही पॅकर्स व पँथर्स हे दोघेही बाहेर राहिले.

२००७ मध्ये याच्या उलट प्रसंग आला. न्यू इंग्लंड पेट्रियट्स त्या हंगामात अपराजित होते. अखेरचा सामना ज्या न्यू यॉर्क जायंट्सशी होता, त्यांचे बाद फेरीतील स्थान पक्के झाले होते. प्रमुख खेळाडूंना विश्रांती देणे सर्वस्वी व्यवहार्य असताना प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी त्यांना मैदानात उतरविले. २९ डिसेंबर २००७ चा तो सामना पेट्रियट्सने ३८-३५ असा जिंकला. परंतु पाच आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी २००८ रोजी, अजिंक्यपदाच्या सामन्यात जायंट्सने त्यांना १७-१४ असे नमविले.

दोन वर्षांनी इंडियानापोलिस कोल्ट्सने दुसरा मार्ग पत्करला. १४ विजयांनंतरही अपराजित असलेल्या या संघाने २७ डिसेंबर २००९ रोजी न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध १५-१० अशी आघाडी असताना क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याला बाहेर काढले आणि सामना २९-१५ असा गमावला. पुढील आठवड्यात जेट्सची गाठ सिनसिनाटी बेंगल्सशी पडली. बेंगल्सने गटविजेतेपद आधीच मिळविले होते व त्यांना मिळविण्यासारखे फारसे उरले नव्हते. जेट्सने तो सामना ३७-० असा जिंकून ९ विजयांसह बाद फेरी गाठली. तितकेच विजय मिळविणारे पिट्सबर्ग आणि ह्यूस्टन हे संघ मात्र बाहेर राहिले. कोल्ट्सचा निर्णय त्यांच्यापुरता समर्थनीय होता. खेळाडूंना दुखापतीपासून जपणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्यच आहे. परंतु त्याची किंमत तिसऱ्याच संघांनी मोजली.

३ जानेवारी २०२१ रोजी हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला. बाद फेरीतून बाहेर पडलेल्या ईगल्सचा वॉशिंग्टनशी सामना सुरू होता. संघ १४-१७ असा केवळ तीन गुणांनी मागे असताना प्रशिक्षक डग पीडरसन यांनी अखेरच्या सत्रात क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याच्या जागी नेट सडफेल्ड या राखीव खेळाडूला आणले. वॉशिंग्टनने सामना २०-१४ असा जिंकला, अवघ्या ७ विजयांवर गटविजेतेपद मिळविले आणि ईगल्सच्या विजयावर आस लावून बसलेले जायंट्स बाहेर फेकले गेले. पराभवामुळे ईगल्सचा ड्राफ्टमधील क्रम मात्र वर गेला. राखीव खेळाडूला संधी देणे हाच आपला हेतू होता, असे पीडरसन यांनी सांगितले. हेतूचा पुरावा मागता येत नाही. म्हणूनच असा प्रसंग कोणत्याही नियमात बसविणे कठीण जाते.

६. लीगचा उपाय आणि त्याची मर्यादा

२००९ च्या अनुभवानंतर लीगने वेळापत्रकातच बदल केला. २०१० पासून अखेरच्या आठवड्यातील सर्व सामने एकाच गटातील संघांमध्ये ठेवण्यात येऊ लागले. जुन्या वैरामुळे आणि गटविजेतेपदाच्या चुरशीमुळे संघ पूर्ण शक्तीने खेळतील, अशी त्यामागील अपेक्षा होती. पायाने खेळण्याच्या फुटबॉलमध्येही असाच अनुभव आला होता. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनीचा ऑस्ट्रियावरील १-० हा निकाल दोघांनाही सोयीचा होता व त्यामुळे अल्जीरिया बाहेर पडला. त्यानंतर १९८६ पासून गटातील अखेरचे सामने एकाच वेळी घेण्याचा नियम झाला.

अमेरिकेत मात्र दूरचित्रवाणीच्या गरजेमुळे सर्व सामने एकाच वेळी घेणे परवडत नाही. सर्वांत चुरशीचा सामना रविवारी रात्रीसाठी राखून ठेवला जातो. त्याचे फलित ९ जानेवारी २०२२ रोजी दिसले. त्या दिवशी कोल्ट्सना बाद फेरीसाठी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सवर विजय पुरेसा होता. जॅग्वार्सने तोवरच्या १६ सामन्यांपैकी केवळ २ जिंकले होते आणि बाजाराने कोल्ट्सना सुमारे १५ गुणांनी वरचढ मानले होते. स्टर्न यांच्या हिशेबाने जॅग्वार्सच्या विजयाची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास येते. जॅग्वार्सने सामना २६-११ असा जिंकला. त्यामुळे रात्रीच्या रेडर्स आणि चार्जर्स यांच्या सामन्याला विलक्षण स्वरूप आले. तो बरोबरीत सुटल्यास दोन्ही संघ पुढे जाणार होते आणि दुपारी जादा वेळेत जिंकलेले पिट्सबर्ग स्टीलर्स बाहेर पडणार होते. दोन्ही संघांनी गुडघा टेकून वेळ घालविला असता, तरी कोणताच नियम मोडला गेला नसता. तसे घडले नाही. नियमित वेळेत २९-२९ आणि जादा वेळेत ३२-३२ अशी बरोबरी झाल्यावर अखेरचे ३८ सेकंद उरले असताना चार्जर्सने खेळ थांबविण्याची मागणी केली. शेवटच्या क्षणी रेडर्सच्या डॅनियल कार्लसन याने ४७ यार्डांवरून फील्ड गोल साधला आणि रेडर्स ३५-३२ असे जिंकले. त्या थांब्यामुळे रेडर्सचा बेत बदलला काय, यावर पुढे बरीच चर्चा झाली.

पुढील हंगामाचा अखेरचा दिवस, ८ जानेवारी २०२३, हा या विषयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ह्यूस्टन टेक्सन्स पराभूत झाले असते, तर ड्राफ्टमधील पहिला क्रम त्यांना मिळाला असता. त्यांनी अखेरच्या मिनिटात टचडाउन व त्यापाठोपाठ दोन गुण मिळवून कोल्ट्सला ३२-३१ असे हरविले. पहिला क्रम शिकागोकडे गेला आणि टेक्सन्सचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ यांना त्याच रात्री पदावरून दूर करण्यात आले. त्याच दिवशी डेट्रॉइट लायन्स रात्रीच्या सामन्यासाठी ग्रीन बेच्या मैदानात उतरले, तेव्हा सिॲटलच्या विजयामुळे त्यांची बाद फेरीची आशा संपलेली होती. पॅकर्सना मात्र केवळ जिंकायचे होते. लायन्सने सामना २०-१६ असा जिंकला आणि पॅकर्सचा हंगाम संपविला. एका दिवशी, दोन मैदानांवर, ज्यांना विजयाने काहीही मिळणार नव्हते असे दोन संघ जिंकले. संघाचा लाभ आणि खेळाडूचा लाभ एकच नसतो, हे यावरून दिसते. ड्राफ्टमधील क्रमाचा फायदा व्यवस्थापनाला पुढील वर्षी मिळतो. मैदानातील खेळाडूला आपली जागा, आपला करार आणि आपली प्रतिष्ठा आजच सांभाळायची असते.

७. विश्वासाचा प्रश्न

ही चर्चा केवळ क्रीडारसिकांपुरती मर्यादित राहिलेली नाही. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने नेव्हाडासारखे मोजके अपवाद वगळता राज्यांना क्रीडापैजा अधिकृत करण्यास मनाई केली होती. न्यू जर्सी राज्याने त्यास आव्हान दिले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत लीगही होती. पैजांमुळे खेळावरील विश्वास ढळेल, अशी तिची भूमिका होती. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर लीगचे धोरण पालटले. २०२० मध्ये रेडर्स संघ लास व्हेगसला स्थलांतरित झाला आणि २०२१ मध्ये लीगने पैजा घेणाऱ्या कंपन्यांशी अधिकृत करार केले. खेळाडूंवरील बंदी मात्र कायम राहिली. अटलांटा फाल्कन्सचा कॅल्व्हिन रिडली याला पैजा लावल्याबद्दल २०२२ चा संपूर्ण हंगाम मुकावे लागले. ज्या भाकिताला लीगने अर्धशतकाहून अधिक काळ शत्रू मानले, त्याच भाकिताच्या व्यापाराशी ती जोडली गेली. अशा स्थितीत राखीव खेळाडूला मैदानात उतरविण्याचा प्रशिक्षकाचा साधा निर्णयही संशयाचा विषय होऊ शकतो. प्रेक्षकाने पैसे लावलेले असतात, आणि संघाने जिंकण्याचा प्रयत्न केला की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, अखेरच्या आठवड्याचे भाकीत हे प्रथमतः नियमांचे वाचन आहे. १९३२ ची गुणतालिका आणि २००८ ची बरोबरी यांतून मोजणीच्या रीतीचे निर्णायक महत्त्व दिसते. दुसरी, बाजार व संख्याशास्त्र या दोहोंनी संघाची क्षमता शक्य तितकी अचूक मोजली आहे. तरीही एका सामन्यापुरती उरणारी अनिश्चितता सुमारे दोन टचडाउनांची आहे. तिसरी, क्षमतेपेक्षा इच्छेचा अंदाज अधिक कठीण आहे आणि अखेरचा आठवडा नेमका याच प्रश्नावर येऊन थांबतो. ड्राफ्टच्या पद्धतीने हरण्यास कारण दिले, म्हणून २०१० मध्ये वेळापत्रकाने जिंकण्यास कारण देण्याचा प्रयत्न केला. एका नियमाने निर्माण केलेली अडचण दुसऱ्या नियमाने सोडविण्याचा हा प्रयत्न अंशतःच यशस्वी झाला.

चौथी बाब अधिक व्यापक आहे. ज्यांच्याविषयी भाकीत करावयाचे ती माणसे स्वतः गुणतालिका वाचू शकतात आणि त्यानुसार आपले वर्तन बदलू शकतात. हवामानाच्या अंदाजाने पाऊस बदलत नाही. निवडणूक, बाजार आणि खेळ यांचे मात्र तसे नाही. लाभाचा हिशेब पाहता लायन्स आणि टेक्सन्स यांनी ८ जानेवारी २०२३ रोजी जिंकण्याचे कारण नव्हते, तरी ते जिंकले. खेळावरील विश्वास अशा निकालांवरच टिकून आहे, आणि कोणत्याही नियमाने ते घडवून आणता येत नाहीत. म्हणून अखेरच्या आठवड्याच्या अभ्यासात गुणतालिकेइतकेच मैदानातील माणसांच्या वर्तनालाही स्थान द्यावे लागते.